रस्त्यासारखा चालला पाहिजे

टेलरबाईंच्या धंद्यात नवं शिवणं कमी आणि जुनं उसवणंच जास्त. कुणाची पँट कमरेत दाटायला लागली, थोरल्याचा कोट धाकट्याला द्यायचा झाला, लग्नातला ब्लाउज वीस वर्षांनी पुन्हा घालायची हौस आली, की माणसं पिशवी घेऊन यायची आणि म्हणायची, "बघा ना, यात काही होतंय का." हे वाक्य बाईंनी इतक्या वेळा ऐकलं होतं, की साक्षात देवाने येऊन तेच विचारलं असतं तरी त्यांनी चष्म्यावरून न बघताच "परवा या" म्हटलं असतं.

आणि एका सकाळी त्या स्वतःच, ओढणीत गुंडाळलेला कॉम्प्युटरचा डबा कडेवर घेऊन दुरुस्तीवाल्याच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या तोंडून नेमकं तेच वाक्य बाहेर पडलं.

"बघा ना भाऊ, यात काही होतंय का."

दुरुस्तीवाला खोकला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि म्हणाला, "ठेवा."

हा डबा मूळचा एका ऑफिसातला. त्या ऑफिसचे पडदे बाईंनी शिवले होते. पुढे ऑफिस बंद झालं, सामान निघालं, तेव्हा तिथल्या साहेबांनी एक कॉम्प्युटर बाईंच्या मुलीला अभ्यासासाठी दिला. मुलगी त्याच्यावर शिकली, नोकरी लागून दुसऱ्या शहरात गेली आणि डबा राहिला कापड कापायच्या टेबलाखाली. त्याच्यावर कधी पिना ठेवल्या जायच्या, कधी बाईंचे दुखरे पाय. घरात त्याला कुणी काही विचारत नव्हतं. मग उस्ताद घरी बसले.

उस्ताद म्हणजे बाईंचा नवरा. सव्वीस वर्षं मालट्रक चालवला, म्हणून सगळे ड्रायव्हर त्यांना उस्ताद म्हणत. सात महिन्यांपूर्वी, भरदिवसा, सरळसोट रस्त्यावर त्यांचा ट्रक फुटपाथवर चढला आणि एका हातगाडीचा भुगा झाला. हातगाडी रिकामी होती. तिचा मालक नळावर पाणी प्यायला गेला होता, म्हणून वाचला. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, ही फिट आहे. हिच्यात माणूस पडत नाही, झटके येत नाहीत. डोळे उघडे ठेवून अर्धा मिनिट कुठेतरी निघून जातो, आणि परत आला की त्याला पत्ताही नसतो. गोळ्या लिहून दिल्या, लायसन जमा झालं. वर्षभर एकही फिट आली नाही तर पुढचं बघू, तोवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

"डोळा लागला होता," उस्ताद घरी येऊन म्हणाले. "आदल्या रात्री झोप नव्हती. डॉक्टर काय, त्याला काहीतरी लिहावंच लागतं."

त्यानंतर त्यांनी तोंडात मिठाची गुळणीच धरली. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचे, रेडिओ लावायचे आणि समोरच्या भिंतीकडे बघायचे. बाई जेवायला हाक मारायच्या तेव्हा उठायचे. गोळ्या आठवल्या तर घ्यायचे. दिवसभर एकटीने काम बाई आधीही करत होत्याच. पण आता त्या खोलीत दुसरं माणूस असूनही कुणी नसल्यासारखं व्हायचं, आणि त्या गप्पपणाने त्यांना शिलाईहून जास्त दमायला होई.

सुट्टीला आलेल्या मुलीने बापाचा हा अवतार पाहिला आणि कॉम्प्युटरवर एक खेळ टाकून दिला. ट्रक चालवायचा खेळ. माल भरायचा, पडद्यावरच्या रस्त्यांनी न्यायचा, गोदामाला लावायचा. बरोबर कुणाचंतरी वापरलेलं प्लॅस्टिकचं स्टिअरिंग आणि पायाखालची पेडलं आणली. उस्तादांनी आधी नाक मुरडलं, "मी काय पोर आहे?" मग बसले. आणि बसले ते बसलेच. फक्त डबा म्हातारा होता. रस्ता चार पावलं नीट चालायचा, मग थबकायचा, मग एकदम उडी मारून पुढे. वळण दिसेपर्यंत ट्रक खड्ड्यात गेलेला असायचा.

"रस्ता उडी मारतो," उस्ताद दिवसातून दहा वेळा म्हणायचे. "असल्या गाडीवर माणूस मरेल."

अशात ट्रकच्या मालकांचा फोन आला. येत्या एक तारखेपासून या म्हणाले. कारखान्यातून गोदामापर्यंत फेऱ्या, रस्ता शहराबाहेरचा, तिथे लायसन बघायला कोण उभा आहे? उस्तादांच्या चेहऱ्यावर सात महिन्यांनी रंग चढला, आणि बाईंनी हातातली कात्री खाली ठेवली.

"पाच महिने राहिलेत," त्या म्हणाल्या. "सात काढले, पाच काढा."

"इथे? या खुर्चीत?"

"मग काय अडलंय? खेळ आहे ना तुमचा."

उस्ताद हसले. मग डब्यावर टिचकी मारून म्हणाले, "हा डबा जर रस्त्यासारखा चालला ना, तर बसतो पाच महिने. शब्द देतो. नाही चालला, तर एक तारखेला मी चाललो, आणि मग तू मधे पडायचं नाहीस."

ते अर्धं गमतीनेच म्हणाले असतील. पण बाईंनी ते मापाच्या वहीत लिहिल्यासारखं पक्कं धरलं. शिलाई मशीनला नवी मोटर बसवायची म्हणून जे पैसे बाजूला ठेवले होते, ते त्यांनी काढले. मोटर काय, पायाने चालवायची सवय होतीच.

पहिली चूक त्यांनी अगदी शिंप्यालाच जमेल अशी केली. मुलीने फोनवर सांगितलं होतं, चित्र नीट दिसायला ग्राफिक्स कार्ड लागतं, जुनं मिळालं तर स्वस्तात पडेल, फक्त आत मावेल ना ते बघ. बाईंनी टेप काढली. डब्याची लांबी घेतली, रुंदी घेतली, उंची घेतली, कानामागची पेन्सिल काढून वहीत लिहिली आणि घेर सैल बसावा म्हणून दोन बोटं वजा केली. मग जाहिरात बघून एका माणसाकडून त्या मापाचं कार्ड आणलं. दोन पंखे, काळंकुळकुळीत, विटेएवढं. घरी येऊन डब्याला लावून पाहिलं तर बरोबर बसत होतं. म्हणजे बाहेरून.

दुरुस्तीवाल्याने डब्याचं झाकण काढलं, एकदा आत बघितलं, एकदा विटेकडे, आणि कपाळाला हात लावला.

"ताई, माप कुठून घेतलंत?"

"बाहेरून. दोन बोटं सोडून."

"आत लोखंडी पिंजरा आहे. इथे कार्डाची ही खिडकी अर्ध्याच उंचीची आहे. शिवाय या कार्डाला वेगळी वीज लागते, तिची वायरच यात नाही. वीज देणारा हा भाग बदलावा म्हटलं, तर तो कंपनीने स्वतःच्या आकाराचा केलाय, बाजारातला बसत नाही. मेन बोर्डही तसाच. तयार डबे असेच असतात."

"म्हणजे रेडिमेड कपड्यासारखं," बाई म्हणाल्या. "शिवणीत माया ठेवलेलीच नाही. सैल करायला जावं तर कापडच नाही."

"तेच."

बाई स्टुलावर बसल्या. कापड नसलेले कपडे त्यांनी शेकड्याने बघितले होते आणि परत पाठवले होते. गिऱ्हाइकाचं तोंड तेव्हा कसं होतं, ते त्यांना आत्ता कळलं. दुकानात सगळीकडे उघडे डबे पडले होते आणि पंखा नुसताच आवाज करत होता. घरी परत जायचं आणि खुर्चीतल्या माणसाला सांगायचं की जमलं नाही, एवढंच राहिलं होतं. तेवढी पावलं टाकायचंही त्यांच्या जिवावर आलं.

दुरुस्तीवाल्याने तोवर ब्रश घेतला होता. त्याने पंख्याखालून काहीतरी उचकटलं आणि चिमटीत धरून उजेडात आणलं. करडी, जाड, लोकरीच्या नमद्यासारखी वडी.

"हे काय? कॉम्प्युटर कुठे ठेवता तुम्ही?"

बाईंनी ती वडी हातात घेतली आणि त्यांना ओळखू आली. कापायच्या टेबलाखाली वर्षानुवर्षं उडालेला कापडाचा भुसा. थरावर थर. त्यात शाळेच्या गणवेशांचा निळा होता, एका सीझनला सगळ्यांनी घेतलेला गुलाबी होता, त्याच ऑफिसच्या पडद्यांचा बदामीसुद्धा होता. सगळं कामच त्या डब्याने नाकात भरून घेतलं होतं.

"श्वास कोंडलाय याचा," दुरुस्तीवाला म्हणाला. "तापतो आणि मग धावायचं सोडतो. अर्धा आजार हाच." त्याने पुन्हा आत बघितलं. त्याचा आवाज जरा मऊ झाला. "सैल नाही करता येणार, पण आहे त्या मापात बघू. मेमरीची एकच पट्टी आहे, तिथे जोडीच्या दोन घालू. जुनी फिरणारी डिस्क काढून नवी बिनफिरती घालू, त्याने उठायला वेळ लागायचा नाही. आणि कार्ड... थांबा."

त्याने खणातून एक बुटकं, सडसडीत कार्ड काढलं. एकच पंखा. म्हणाला, याला वेगळी वायर लागत नाही, खाचेतून मिळते तेवढ्या विजेवर भागवतं. एका दुकानाच्या डिजिटल पाटीच्या कॉम्प्युटरमधून निघालंय. तुमची वीट मला द्या, मी खपवीन कुणालातरी, हे तुम्ही घ्या.

"याने रस्ता उडी मारायचा थांबेल?"

"कसला रस्ता?"

बाईंनी सगळं सांगितलं. हातगाडी सांगितली, गोळ्या सांगितल्या, शब्द दिलेला सांगितला. अनोळखी माणसाला इतकं का सांगतोय, हे त्यांना कळत नव्हतं. दुरुस्तीवाला मान खाली घालून धूळ झाडत राहिला. शेवटी म्हणाला, "चित्रं फार भारी नाही दिसणार. झाडं जरा कमी दिसतील. पण रस्ता थांबणार नाही. हे मी लिहून देतो."

शनिवारी डबा घरी आला. या वेळी तो टेबलाखाली नाही, वर ठेवला, खिडकीजवळ. मुलीने फोनवरून सांगितलं तसं बाईंनी खेळातलं एकेक खाली आणलं, सावल्या कमी, गवत कमी, आरसे मात्र पूर्ण. आरसे कमी करू नको, बाबा चिडतील, असं मुलगी म्हणाली. उस्ताद बाजूला उभं राहून, आपला काही संबंध नसल्यासारखं बघत होते. मग बसले.

रस्ता चालायला लागला.

उस्तादांनी पहिला गिअर टाकला, दुसरा टाकला. वळण आलं, ट्रक वळला. पुढे पूल आला, त्याच्यावरून पाणी दिसलं. बाई उभ्या राहून पडद्याकडे बघत होत्या. कुठे उडी नाही, कुठे थबकणं नाही. पाचव्या मिनिटाला उस्ताद बोलायला लागले, आणि थांबेचनात. हा घाट असा उतरायचा नसतो, ब्रेकवर उतरलास तर खाली जाईपर्यंत वास येतो. आरशात बघ, मागचा घाईत आहे, जाऊ दे त्याला. एकदा अशाच पुलावर मी सहा तास अडकलो होतो, तुला सांगितलं का कधी? नव्हतं सांगितलं. सव्वीस वर्षांतलं त्यांनी जवळजवळ काहीच सांगितलं नव्हतं. बाई एव्हाना त्यांच्याकडे पाठ करून मशीन चालवत होत्या, कारण उजेड तिकडून येतो, आणि शिवता शिवता त्यांचे डोळे भरून येत होते. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. त्या रात्री त्या इतक्या गाढ झोपल्या की सकाळी उठायला उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी रविवार. परवा एक तारीख. दुपारी रेडिओवर फुटबॉलच्या सामन्याचं वर्णन चालू होतं. गल्लीत घरोघर तेच. उस्ताद सिमेंटची पोती घेऊन डोंगरातून निघाले होते आणि एक कान सामन्याकडे होता. "दोन-एक," ते म्हणाले. "दहाच मिनिटं राहिलीत, हरतात आपले." बाईंना मशीनवरचं काम नव्हतं, शर्टांना बटणं लावायची होती. हाताने करायचं काम, म्हणून त्या आज उलट्या बसल्या होत्या, उस्तादांकडे आणि पडद्याकडे तोंड करून.

समोर उतार होता. उताराला डावं वळण, वळणावर बसथांबा. बाईंनी ते पाहिलं, आणि ट्रक वळला नाही हेही पाहिलं.

"अहो, वळण," त्या हसत म्हणाल्या.

ट्रक सरळ गेला. कठडा तोडून, बसथांब्यावरून, पलीकडच्या भिंतीत. रस्ता मात्र कुठेही थांबला नव्हता. प्रत्येक झाड आपल्या वेळेवर आलं होतं, प्रत्येक खांब आपल्या वेळेवर गेला होता.

"अहो?"

त्याच वेळी रेडिओवर एकच गिल्ला झाला. गल्लीत कुणीतरी ओरडलं, दारं वाजली, समोरच्या घरातून शिट्टी आली. उस्ताद हलले नाहीत. ते पडद्याकडे बघत होते, पण बघत नव्हते. ओठ चव घेतल्यासारखे हलत होते आणि उजवा हात स्टिअरिंगवरून उतरून शर्टाचं दुसरं बटण खुडत होता. खुडत होता, खुडत होता. बाईंची सुई हातातून पडली. त्या उठल्या, जवळ गेल्या, तीन हाका मारल्या, खांदा हलवला.

उस्तादांनी डोळे मिचकावले. बाई जवळ का उभ्या आहेत हे त्यांना कळलं नाही. मग पडद्याकडे बघून त्यांनी डब्यावर थाप मारली.

"पुन्हा अडकला! वळण दिसत होतं, इंडिकेटर द्यायला गेलो, आणि एकदम हे. मारलीच ना उडी?" ते चिडले होते, पण त्या चिडण्यात थोडा आनंदही होता. "बोलणं झालंय आपलं. चालला नाही तर मी मोकळा. परवा जातो."

बाईंना खेळ घरात आल्यापासूनचे दिवस आठवले. रस्ता उडी मारतो, रस्ता उडी मारतो. त्यातल्या किती उड्या डब्याच्या होत्या आणि किती या माणसाच्या? त्या पाठ करून शिवत बसल्या होत्या, आणि सगळा दोष भुशाने कोंडलेल्या एका जुन्या डब्यावर जात होता. हो, अडकला, असं म्हटलं तर भांडण मिटत होतं. आणि परवा हे गाडीवर बसत होते. त्यांना फक्त खाली बसावंसं वाटलं. इतक्या त्या थकल्या होत्या.

"तो अडकला नाही," त्या म्हणाल्या. "मी बघत होते. रस्ता चालूच होता."

"काहीतरीच. माझ्या डोळ्यांदेखत उडी मारली."

"सामन्याचा स्कोअर काय?"

"मधेच सामना कुठे..."

"सांगा ना. काय स्कोअर?"

"दोन-एक. सांगितलं ना मघाशी."

बाईंनी रेडिओकडे बोट केलं. रेडिओवरचा माणूस घसा बसेपर्यंत तेच तेच सांगत होता. दोन-दोन. शेवटच्या मिनिटांत बरोबरी. बाहेर अजून कुणीतरी थाळी वाजवत होतं.

"गोल झाला," बाई म्हणाल्या. "सगळी गल्ली ओरडली. तुम्ही ऐकलात? रेडिओ तर त्या डब्यात नाही ना?"

उस्तादांची नजर फिरली. रेडिओ, मग पडदा, मग पुन्हा रेडिओ. पडद्यावर ट्रकचं एक चाक अजून फिरत होतं. त्यांनी विचारलं, "किती वेळ?"

"मी सुई टाकून उठले, तीन हाका मारल्या, खांदा हलवला. तेवढा."

ते मनात हिशेब करत होते. सव्वीस वर्षांच्या ड्रायव्हरला तो हिशेब कुणी शिकवावा लागत नाही. "सत्तरच्या स्पीडला," ते हळूच म्हणाले, "अर्धा किलोमीटर." मग पडद्यावरच्या बसथांब्याकडे बघून, "इथे माणसं उभी असतात गं."

बाईंनी रेडिओ बंद केला.

"तो हातगाडीवाला," उस्ताद म्हणाले. "त्याला तहान लागली नसती तर?"

त्यांनी फोन उचलला. मालकांनी पलीकडून काहीतरी हसून विचारलं, बहुतेक कधी येताय म्हणून. "दुसरा माणूस बघा," उस्ताद म्हणाले. "नाही, गाडीचं काही नाही. रस्त्याचंही नाही. माझंच आहे." त्यांनी फोन ठेवला. पुढे हात करून त्यांनी पडद्यावरच्या ट्रकचे धोक्याचे दिवे लावले, दोन्ही बाजूंचे, आणि इंजिन बंद केलं. सव्वीस वर्षांत, रस्त्यात गाडी सोडून उतरायची वेळ आली की ते हेच करत आले होते.

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ," ते म्हणाले. "गोळ्या मी सगळ्या घेतल्या नव्हत्या. तू ये बरोबर. काय झालं ते मला सांगता येणार नाही, तुलाच सांगावं लागेल."

"येते."

शर्टाचं दुसरं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. बाईंनी खाली वाकून जमिनीवरची सुई शोधली, दोरा ओवला. उस्ताद शर्ट काढायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू द्या अंगावर. हलू नका फक्त." आणि जवळ स्टूल ओढून, त्यांच्या छातीशी वाकून, त्यांनी ते बटण दुहेरी दोऱ्याने पक्कं केलं.